लीलावतीबाईंची साक्ष

लीलावतीबाईंची ओळख भोपाळमधल्या आमच्या बाग सेवनियाच्या कॉलनीत बहुतेकांना आधी पाण्यामुळे होते. सकाळी सहाला त्या स्वतःचं अंगण धुतात, मग फाटक धुतात, मग फाटकासमोरचा रस्ता धुतात, आणि ते सगळं पाणी उताराने सरळ माझ्या दारात येतं. मी नरहर, समोरच्या घरात राहतो. गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि त्यांचे यजमान विजय त्याच कारखान्यात टेक्निशियन. आम्ही पुण्याकडचे, ते ग्वाल्हेरचे. सव्वीस वर्षं मी त्या पाण्यावरून भांडतो आहे आणि सव्वीस वर्षं त्या म्हणतात, "भाऊजी, पाणी साफच आहे हो, तुमचंही अंगण धुऊन निघतं."

भांडीवाली बाई भांडी घासून गेली की ह्या ती पुन्हा घासतात. माझी बायको अलका एकदा म्हणाली, "लीलाताई, मग बाई ठेवताच कशाला?" तर म्हणाल्या, "तिचं घर चालायला नको का?" दुधाची पिशवी साबणाने धुणं, भाजीवाल्याकडून आलेली कोथिंबीर तीन पाण्यांतून काढणं, हे सगळं त्या कोरोनाच्या कितीतरी आधीपासून करत. कोरोनात अख्खं भोपाळ हात धुवायला शिकलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, वहिनी, आता तुम्हाला सरकारने सल्लागार नेमायला हवं. त्या हसल्या नाहीत. तोवर हसण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं आणि मी जिभेला आवर घालायला हवा होता.

त्यांचा दुसरा दोष खरं बोलण्याचा. मी दोषच म्हणतो. आमची दोन्ही कुटुंबं एकदा ग्वाल्हेरला निघाली होती. त्यांच्या मुलीचं, रेवतीचं, अर्धं तिकीट होतं आणि नेमकी त्याच दिवशी तिला बारा वर्षं पूर्ण झाली होती. टीसी तिकिटं बघून पुढे गेलासुद्धा. ह्या बाईंनी त्याला हाक मारून परत बोलावलं. "भैया, ये आज ही बारह की हुई है." तो बिचारा गोंधळला. विजय खिडकीबाहेर बघत राहिला, आणि रेवती लाजून माझ्या बायकोच्या पदराआड लपली.

विजय गेला तेव्हा रेवती कॉलेजात होती. बाईंनी कारखान्याच्या वसाहतीतल्या बालवाडीत शिकवून तिचं शिक्षण केलं आणि मग लग्न. स्थळ चांगलं होतं, निदान दिसायला. मुलगा जितेंद्र मंडीदीपला सुपरवायझर. आईवडील, शारदाबाई आणि श्यामराव, मूळ उज्जैनचे, साधी माणसं. मिसरोदच्या पुढे त्यांचं छोटं जोडघर होतं. रेवतीला मुलगी झाली, तिचं नाव जुई. सासूसासऱ्यांनी सुनेला मुलीसारखं वागवलं, आणि पुढे तेच तिघांच्याही जिवावर आलं. जितेंद्रला दुसरीशी लग्न करायचं होतं. श्यामरावांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "तुला जायचं तर तू जा. सून आणि नात ह्या घरातच राहतील आणि घरही त्यांच्याच नावे करीन."

ही गोष्ट २०१९च्या डिसेंबरातली. जुई सहा वर्षांची होती आणि शाळेला सुट्टी म्हणून आजीकडे राहायला आली होती. सकाळी साडेसहाला रेवतीचा फोन आला की घरात सगळ्यांना उलट्या होताहेत, उभं राहवत नाही. जुईला अलकाजवळ ठेवून मी बाईंना माझ्या गाडीतून नेलं. आम्ही पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी तिघांना दवाखान्यात हलवलं होतं. जितेंद्र तिथे होता. तो म्हणाला, मी रात्री बाहेर जेवून आलो, म्हणून वाचलो. अकराच्या सुमाराला श्यामराव गेले. तासाभराने शारदाबाई. रेवती दोन वाजेपर्यंत होती. शेवटी तिने आईला विचारलं, "जुईने नाश्ता केला?" बाई म्हणाल्या, "केला गं."

त्या दिवशी खुनाचं नाव कोणाच्या डोक्यात नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, खाण्यातून विषबाधा झाली असावी. पोस्टमॉर्टेमच्या कागदांसाठी तिघांचं आधार कार्ड हवं होतं. जितेंद्र म्हणाला, मला काही सुचत नाही. म्हणून मी आणि बाई त्या घरी परत गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. घरभर वास. ओट्यावर आदल्या रात्रीची खरकटी भांडी तशीच, ताटांत वाळलेला भात, आणि आमटीचं मोठं पातेलं, तळाशी बोटभर आमटी. मी आतल्या खोलीत कपाटात कार्डं शोधायला लागलो. दहा मिनिटांनी बाहेर आलो तर बाईंनी पदर खोचला होता आणि त्या भांडी घासत होत्या.

मी म्हटलं, "वहिनी, राहू द्या ना आत्ता."

"आता माणसं येतील भाऊजी," त्या मागे न बघता म्हणाल्या. "उज्जैनहून येतील, ग्वाल्हेरहून येतील. रेवतीचा ओटा असा कधी कोणी पाहिला नाही. काय म्हणतील तिला?"

मृताच्या घरात खरकटं राहू द्यायचं नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. त्यांनी आमटी मोरीत ओतली. पातेलं राखेने घासलं, मग साबणाने घासलं आणि फळीवर उपडं घातलं. मग फरशी पुसली. आणि मी काय केलं, तर नळाला पाणी नव्हतं म्हणून टाकीतून दोन बादल्या भरून आणून दिल्या. मी सत्तरीचा शिकलासवरलेला माणूस. माझ्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही.

पोलीस संध्याकाळी आले, तेव्हा स्वयंपाकघर लखलखत होतं.

पुढे व्हिसेराच्या अहवालात विष निघालं. जितेंद्रच्या फोनमधून ती दुसरी बाई निघाली. धान्यात किडीसाठी ठेवायची औषधं विकणारा एक दुकानदार निघाला, त्याने जितेंद्रला ओळखलं. तीन महिन्यांच्या आत जितेंद्र तुरुंगात गेला आणि जुई कायमची आजीकडे आली. तोवर टाळेबंदी लागली. जगाची दारं बंद झाली ते त्या दोघींना बरंच झालं असावं, कारण विचारपूस करायला कोणी येत नव्हतं. बाई तिला दारात बसवून बाराखडी शिकवत आणि मी समोरून ओरडून पाढे विचारत असे.

खटला उभा राहिला तेव्हा त्यातली गोम कळली. जप्तीच्या पंचनाम्यात लिहिलं होतं की मृत रेवतीच्या आईने स्वयंपाकघरातून एक भगोना, म्हणजे पातेलं, काढून दिला, ज्यात दाल लागलेली होती. प्रयोगशाळेने त्या दालीत विष सापडल्याचं लिहून दिलं होतं. ठाण्याचं नाव मी इथे घेत नाही. घासून उपड्या घातलेल्या पातेल्यात आमटी परत कशी आली हे ज्याचं त्याला ठाऊक. बाईंनी त्या संध्याकाळी कागदांवर सह्या केल्या होत्या हे खरं. पाच वाजता मुलीचं प्रेत आलेलं, सहाला समोर कागद. त्यांनी एक अक्षर वाचलं नव्हतं.

सरकारी वकील तरुण होते, मन लावून काम करणारे. साक्षीच्या आधी त्यांनी आम्हाला बोलावून समोर बसवलं. दुकानदार आता डळमळतो आहे, म्हणाले; विष घरातल्या आमटीतच होतं हे सांगणारं आता तेवढं पातेलंच. "माताजी, भगोना गया तो केस गया. आपको बस इतना कहना है कि रसोई जैसी थी वैसी ही थी और भगोना आपने निकालकर दिया."

बाई म्हणाल्या, "पर वो तो मैंने माँज दिया था."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्यांनी मग सगळं उघड करून सांगितलं. तो सुटला तर तो जुईचा बाप आहे. कायद्याने पहिला हक्क त्याचा. तो तिला मागेल. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागितली तर द्यावी लागेल?" वकील म्हणाले, "कुछ भी हो सकता है."

माझी साक्ष त्यांच्या आधी झाली. मी शपथ घेऊन सांगितलं की मी आतल्या खोलीत होतो, स्वयंपाकघरात काय झालं ते मी पाहिलं नाही. हे सपशेल खोटं होतं. मला त्याचा पश्चात्ताप नाही, त्या रात्री मला उत्तम झोप लागली. घरी येऊन मी बाईंना म्हटलं, "हे बघा, मी बोललो, छत कोसळलं नाही. तुम्हीही बोला. त्याने तुमची मुलगी मारली आहे वहिनी. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, कदाचित त्या न्यायाधीशालाही माहीत आहे. एका पातेल्यासाठी जुईला पणाला लावू नका." अलका तर त्यांच्या पाया पडली.

त्या म्हणाल्या, "सगळं कळतं मला, भाऊजी. रोज ठरवते की सांगून टाकीन. पण रेवतीसाठी शेवटचं जे काही माझ्या हातून झालं ते तेवढंच. तिचं घर आवरून दिलं मी. ते केलंच नाही, असं माझ्या तोंडून कसं निघेल?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही.

साक्षीच्या दिवशी त्यांनी पांढरी सुती साडी नेसली होती. सरकारी वकिलांनी सील केलेलं पातेलं दाखवून विचारलं, हेच का ते? बाईंनी ते हातात मागून घेतलं, काठावरचा पोचा पाहिला आणि म्हणाल्या, हो, रेवतीच्या लग्नात मीच दिलेलं. वकिलांचा चेहरा उजळला. मग त्यांनी विचारलं, हे तुम्ही पोलिसांना दिलंत तेव्हा ह्यात दाल होती?

"जी नहीं. मैंने खुद माँजकर रखा था. दो बार."

कोर्टात कुजबूज झाली. वकिलांनी पुन्हा विचारलं, वळवून विचारलं. त्या तेच सांगत राहिल्या. शेवटी वकिलांनी न्यायाधीशांना विनंती केली की ह्या साक्षीदाराला पक्षद्रोही घोषित करावं. म्हणजे फितूर. पोटच्या मुलीच्या खुनाच्या खटल्यात आई फितूर ठरली. त्यांना त्याचा अर्थ कोणी तिथे सांगितला नाही, गाडीत मी सांगितला. त्या "असं का," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर बघत बसल्या.

कॉलनीत मग जे बोललं जायचं ते बोललं गेलं. जावयाने आतून काहीतरी पोचवलं असणार, म्हातारीने पैसे खाल्ले असणार. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नैवेद्याचे मोदक दरवर्षी लीलावतीबाईंचे असत. त्या वर्षी निरोप गेला नाही. मी मंडळात जाऊन वंदनाताईंशी, त्या आमच्या चिटणीस, असा भांडलो की माझं सभासदत्व जायची वेळ आली. बाईंनी मात्र मोदक केले, घरातल्या घरात, आणि एकवीसच्या एकवीस आमच्याकडे पाठवून दिले.

दुकानदार उलटला. २०२३च्या पावसाळ्यात निकाल लागला. पुरावा संशयास्पद, तपास सदोष, आरोपीची संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. तपासावर न्यायाधीशांनी चार पानं ताशेरे ओढले होते. त्याचा आम्हाला काय उपयोग?

बाहेर व्हरांड्यात जितेंद्र समोर आला. वाळला होता, केस पिकले होते. तो सरळ आमच्याकडे आला, आणि मी मध्ये पडायच्या आत वाकून त्याने बाईंच्या पायांना हात लावला. "आई, तुम्ही खरं बोललात."

कोणीही वाकलं की बाईंच्या तोंडून आशीर्वाद निघतोच, जन्माची सवय. "औक्ष..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं. पुढचं त्यांनी गिळलं. मग त्या खाली बसल्या, तिथेच, कोर्टाच्या फरशीवर, इतकी माणसं जात-येत असताना. मी त्यांना इतक्या वर्षांत कुठे अशा न झाडलेल्या जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सरकारने जबलपूरच्या हायकोर्टात अपील केलं आहे. ते कधी उभं राहील ते कोणी सांगू शकत नाही. जितेंद्रने मात्र चार महिन्यांत कुटुंब न्यायालयात अर्ज टाकला, मुलीचा ताबा मिळावा म्हणून. जुई तेव्हा दहा वर्षांची होती. आईला काय झालं ते तिला आजीने बेतानेच सांगितलं होतं, बाकीचं शाळेतल्या मुलींनी सांगून टाकलं. न्यायाधीश बाई होत्या, समजूतदार. त्यांनी जुईला आपल्या खोलीत बोलावून अर्धा तास तिच्याशी बोलून घेतलं. आदेश असा झाला की अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुलगी आजीकडेच राहील, पण प्रत्येक शनिवारी दोन तास वडील तिला कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत भेटतील. आणायची जबाबदारी आजीची.

म्हणजे मुलीची वेणी घालून, फ्रॉकला इस्त्री करून तिला स्वतःच्या हाताने त्याच्यासमोर नेऊन बसवायचं. मी म्हटलं, आजारी आहे म्हणून सांगू, डॉक्टरचं सर्टिफिकेट मी आणतो. बाई म्हणाल्या, "ती आजारी नाही." मी कपाळाला हात लावला.

पहिल्या शनिवारी सकाळपासून त्या जुईला एकच गोष्ट बजावत होत्या. तिथलं काही खायचं नाही. तो देईल ते खायचं नाही. पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. जुई मान हलवत होती. गाडीत पुन्हा तेच. शेवटी पोरगी म्हणाली, "समझ गई आजी, किती वेळा सांगशील."

त्या खोलीच्या दाराला काच होती. भिंतीवर रंगीत फुगे काढलेले, छोट्या खुर्च्या, कोपऱ्यात समुपदेशक बाई मोबाइल बघत बसलेल्या. आम्ही बाहेर बाकावर. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. जितेंद्रने तिला एक बाहुली दिली, ती तिने घेतली. तो बोलत होता, ती पायाकडे बघत होती. मग त्याने एक डबा उघडला. त्यात केक होता. त्याने तुकडा मोडून तिच्या तोंडापाशी नेला.

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा हात दाराच्या मुठीवर होता. आत जुईने मान हलवून काहीतरी सांगितलं. जितेंद्र थांबला. त्याने तो तुकडा स्वतःच्याच तोंडात टाकला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाई पुन्हा बसल्या. दोन तास त्यांनी काचेवरची नजर हलवली नाही. त्या केकमध्ये काही नव्हतं, हे मलाही कळतं. पण आता कुठलाही घास नुसता घास राहणार नाही, तिच्यासाठी आणि आमच्यासाठीही.

परतताना मी विचारलं, "काय सांगितलंस गं त्याला?"

"सांगितलं की आज माझा उपास आहे." ती मागच्या सीटवर बाहुलीचे केस नीट करत होती. "ते म्हणाले, मग अगली बार खा. तर मी म्हटलं, माझा दर शनिवारी असतो."

मला हसू फुटलं. किती हुशार पोर! मी गाडी चालवता चालवता तिला शाबासकी दिली. बाईसुद्धा किंचित हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या असतील. घरी पोचल्यावर त्यांनी मला जेवायलाच थांबवलं, अलकालाही बोलावलं. गरम वरण-भात, वर तूप, बटाट्याची भाजी, जुईला आवडते तशी, काचऱ्या करून. पोरीने सकाळी नीट खाल्लं नव्हतं. तीन वाजून गेले होते.

बाईंनी ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. जुईने ते हळूच मागे सारलं.

"नको आजी. आज शनिवार."

"अगं, ते त्याला सांगायचं होतं. आपल्या घरात कसला उपास? जेव."

"पण मी सांगितलं ना, दर शनिवारी असतो. आता नाही केला तर ते झूठ होईल."

"झूठ तर झूठ!" बाई म्हणाल्या. आवाज चढला होता. "एवढंसं खोटं बोललं तर काही होत नाही. वेळ पडली तर बोलावं लागतं माणसाला. जेव गं बाई, मी सांगते ना तुला!"

जुईने आजीकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, उद्धटपणाही नव्हता. ती फक्त विचारत होती.

"मग तू का नाही बोललीस?"

अलकाने तोंडावर पदर धरला. मी माझ्या ताटातल्या भाताकडे बघत राहिलो. लीलावतीबाईंनी घास कालवून हातात घेतला होता, पोरीला भरवायला. तो हात तसाच राहिला. मग त्यांनी घास ताटात ठेवला आणि आपलंही ताट बाजूला केलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. तारखा पडताहेत. शनिवारी दोन तास आम्ही त्या बाकावर बसतो, आणि शनिवारी त्या घरात चूल पेटत नाही.